पौषातला गळ : मानसोल्लासापासून पवईपर्यंत

१/
पौषातली सकाळ. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजचा परिसर. एखाद्या पाझर तलावाच्या बांधावर कानाला मफलर गुंडाळून कोणीतरी बसलेला असतो. हातात बांबूची काठी, काठीला दोरी, दोरीला गळ आणि गळाला कणकेची गोळी. पाण्यावरचे बूच तासभर हललेले नसते. भाद्रपदात हाच तलाव गोळी पडताच उत्तर देत होता. मासा आताही तिथेच आहे. त्याला भूक नाही, एवढेच.

या न हलणाऱ्या बुचाला मोठा इतिहास आहे. त्यात एक चालुक्य राजा आहे, शेफील्डचे चाकू-कात्र्या घडवणारे कामगार आहेत, कंपनी सरकारचा एक कर्नल आहे, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे भोई आहेत.

२/
पोटासाठी मासा धरणे जुनेच. पण गळ टाकून बसण्याचा छंद, त्याचा खेळ आणि त्याचे शास्त्र इंग्रजांनी आणले, असा समज सर्वत्र आढळतो. पवईच्या तलावावरील मंडळे, आयात केलेल्या काठ्या आणि चकत्या पाहिल्या की तो खराही वाटतो. परंतु या छंदावर तपशिलाने लिहिलेले एक संस्कृत प्रकरण इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे सुप्रसिद्ध पुस्तक (१६५३) छापले जाण्याच्या पाच शतके आधीचे आहे. ते लिहिले गेले कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात. तिथल्या बाजारात आजही मराठी कानी पडते.

३/
कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य दख्खनभर पसरलेले होते. विदर्भही त्यांच्या छायेबाहेर नव्हता. नागपूरच्या सीताबर्डीचा शके १००८ चा शिलालेख विक्रमादित्य सहावा याच्या काळचा आहे. वाकाटकांची एक राजधानी असलेले वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम, कल्याणी आणि नागपूर यांच्या मधल्या पट्ट्यात येते. म्हणजे धनजच्या बांधावरून निघून कल्याणीच्या दरबारात जाणे ही फार मोठी उडी नाही.

४/
विक्रमादित्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा. त्याचा राज्यकाळ ११२६ ते ११३८. तलवारीपेक्षा लेखणीसाठी अधिक लक्षात राहिलेला हा राजा. इ.स. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचेच दुसरे नाव. पाच विंशती, प्रत्येकीत वीस प्रकरणे, एकूण शंभर. राज्य कसे मिळवावे येथपासून ते मिळाल्यावर वेळ कसा घालवावा येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. मराठी वाचकाला हा ग्रंथ दोन कारणांनी परिचित असतो : अन्नभोगातील पाककृतींमुळे, आणि गीतविनोदातील त्या पदांमुळे, ज्यांची गणना मराठीच्या प्राचीन नमुन्यांत होते.

तिसरे कारण मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. चौथ्या विंशतीत, मल्लविनोद, कुक्कुटविनोद, मेषविनोद, श्येनविनोद अशा रांगेत, ‘मत्स्यविनोद’ बसलेला आहे.

५/
‘विनोद’ म्हणजे येथे मनोरंजन. राजाने मासे का धरावेत? भूक लागली म्हणून नव्हे. मन रमावे म्हणून. खेळाची व्याख्या याहून वेगळी ती काय असणार?

६/
या प्रकरणात समुद्रातील आणि गोड्या पाण्यातील मिळून पस्तीस प्रकारचे मासे येतात. कोण कोठे राहतो, कोणाच्या अंगावर खवले आहेत आणि कोणाच्या नाहीत, कोण आकाराने मोठा, कोण मध्यम, कोण लहान, अशी वर्गवारी आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या माशांवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा आधुनिक मत्स्यशास्त्राचे लक्ष या प्रकरणाकडे वेधले गेले. अशा यादीतील ‘रोहित’ म्हणजे आजच्या बाजारातला रोहू, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. आजचा रोहू मूळचा उत्तरेकडील नद्यांचा. दख्खनच्या नद्यांत त्याच्या कुळातील कितीतरी भाऊबंद होते, आणि लालसर माशाला रोहित म्हणण्यात विशेष ते काहीच नाही.

७/
खरी गंमत वर्गवारीत नाही, चाऱ्यात आहे. कोणत्या जातीच्या माशाला कोणते अन्न रुचते, त्याला ते घालून कसे पोसावे, आणि मग गळ कसा टाकावा, याचा विचार सोमेश्वराने केलेला आहे. आधी माशाला अन्नाची गोडी लावायची, मग त्याच अन्नात लोखंड लपवायचे. जगातील कोणत्याही तळ्याकाठी बसलेला अनुभवी माणूस आज हेच करतो. इंग्लंडमध्ये त्याला ‘ग्राउंडबेट’ म्हणतात; आपल्याकडे पेंड, भाजलेले पीठ, शिळा भात पाण्यात टाकून ‘जागा धरली’ जाते. राजाचा गळ पाण्यात पडतो तेव्हा अर्धी लढाई चाऱ्याने जिंकलेली असते.

८/
गळ अर्थातच सोमेश्वराहून फार जुना. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे तांब्याचे गळ सापडले आहेत. संस्कृतात त्याला ‘बडिश’ म्हणतात. सुश्रुतसंहितेतील शल्यवैद्याच्या वीस शस्त्रांमध्ये आकड्यासारख्या एका शस्त्राचे नाव हेच आहे. कोळ्याचे हत्यार वैद्याने उचलले. निदान नाव तरी उचलले. कारागिराचे ज्ञान शास्त्राच्या पोथीत शिरते तेव्हा कारागिराचे नाव दाराबाहेर राहते, हे पुढेही दिसेल.

९/
आता पौषातल्या त्या बुचाकडे पुन्हा वळावे, कारण थंडीचे कोडे समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

मासा स्वतःच्या शरीराची उष्णता राखत नाही. पाणी जितके गार, तितका तो गार. पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील सगळे व्यवहार ढोबळमानाने निम्म्यावर येतात. त्यात कार्प कुळातील माशांना, म्हणजे कटला, रोहू, मृगळ, महाशीर, सायप्रिनस या साऱ्यांना, जठरच नसते. दात जबड्यात नसून घशात असतात. खाल्लेले अन्न घशात भरडले जाते आणि सरळ आतड्यात उतरते. उन्हाळ्यात हा कारखाना झपाट्याने चालतो, म्हणून मासा दिवसभर खातो. थंडीत तोच रेंगाळतो. एकदा खाल्लेले लवकर सरत नाही.

१०/
‘थंडी’ ही मात्र ज्याच्या त्याच्या मूळ गावावर अवलंबून आहे. कटला आणि रोहू यांना पंचवीस ते तीस अंशांचे पाणी मानवते. वीसच्या खाली ते खाण्यात हात आखडता घेतात, म्हणून मत्स्यशेती करणारे हिवाळ्यात खाद्य कमी करतात. युरोप-आशियातला सामान्य कार्प, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात, तो यांच्यापेक्षा काटक. वऱ्हाडातल्या ज्या थंडीत कटला गप्प बसतो, त्या थंडीत सायप्रिनस तळाचा चिखल हुंगत फिरत असतो. एकाच बांधावर, एकाच सकाळी, दोन माशांचे दोन ऋतू चालू असतात.

११/
हाच सायप्रिनस इंग्लंडच्या हिवाळ्यात मात्र कोडे होऊन बसला. तिथे पाणी चार-पाच अंशांपर्यंत उतरते. कार्प हिवाळाभर चिखलात झोपून राहतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नये, असे तिथले जुने गळवाले मानत. पण त्याआधी तिथल्या एका शब्दाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तो शब्द पुढे समुद्र ओलांडून इकडे आला आणि इथे येताच उलटा झाला.

१२/
इंग्लंडमध्ये नद्यांतील माशांचे दोन वर्ग केले गेले. साल्मन आणि ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे शिकारीच्या मानाचे मासे. ते स्वच्छ, खळाळत्या, बहुधा जमीनदाराच्या मालकीच्या पाण्यात राहत. उरलेले सारे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. कार्प, रोच, ब्रीम, टेंच यांची वस्ती संथ नद्यांत, कालव्यांत, डबक्यांत. शब्द माशाला लावला होता, पण तो चिकटला माणसाला. जाडाभरडा मासा म्हणजे जाड्याभरड्या माणसाचा मासा.

१३/
एकोणिसाव्या शतकात हा दुसरा वर्ग संघटित झाला. शेफील्डमध्ये चाकू, कात्र्या, पाती घडवणारे कामगार सुट्टीच्या दिवशी आगगाडीने लिंकनशायरच्या संथ नद्यांकडे निघत. गळाच्या सामन्यांना तिथे मोठी गर्दी जमे. या लोकांचा दबाव इतका वाढला की शेफील्डचे खासदार ए. जे. मंडेला यांनी पुढाकार घेतला आणि १८७८ मध्ये गोड्या पाण्यातील माशांसाठी कायदा झाला. साल्मनसारख्या मानाच्या माशांना संरक्षण आधीच होते. आता जाड्याभरड्यांनाही विणीच्या काळात, १५ मार्च ते १५ जून, अभय मिळाले.

या कायद्याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. वसंत बंद झाला, म्हणजे कामगाराला वर्षाचा जो काळ उरला त्यात संपूर्ण हिवाळा आला. थंडीत गळ टाकणे हा हौशी वेडेपणा राहिला नाही. तो हंगामाचाच भाग झाला. १९०६ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद सामने भरू लागले.

१४/
सामन्याची रीत साधी आणि निर्दय आहे. काठावर ठरावीक अंतराने खुंट्या ठोकलेल्या असतात. सकाळी चिठ्ठ्या काढायच्या. जी खुंटी नशिबी येईल तिथेच दिवसभर बसायचे. शिट्टी होताच सर्वांचे गळ एकदम पाण्यात. पकडलेले मासे लांब जाळीच्या पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवायचे, शेवटच्या शिट्टीनंतर वजन करायचे आणि सोडून द्यायचे. ज्याचे एकूण वजन अधिक, तो विजयी. किलोचा एक मासा मोठा की शंभर ग्रॅमचे बारा? तराजू बाराच्या बाजूने झुकतो. म्हणून मोठ्या माशाची आस धरून बसणारा बहुधा हरतो.

१५/
हिवाळ्यात हेच गणित आणखी कठीण होते. मासे विखुरलेले राहत नाहीत. एखाद्या खोल, निवाऱ्याच्या जागी दाट थवा करून बसतात. थवा शेजाऱ्याच्या खुंटीसमोर असेल तर दिवस गेला. समोर असला तरी चारा मुठीने टाकून चालत नाही. मंदावलेल्या माशाचे पोट दोन घासांत भरते, आणि भरल्या पोटी तो गळाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून चारा चिमटीने टाकायचा, दोरी बारीक, गळ लहान, आमिष शेंगदाण्यापेक्षाही छोटे. ओढ इतकी हलकी येते की बूच बुडत नाही, फक्त थरथरते. उन्हाळ्यात उदार होणारा जिंकतो, हिवाळ्यात कंजूस.

१६/
विशेष म्हणजे त्या जुन्या हिवाळी सामन्यांत कार्प जवळजवळ नव्हताच. रोच आणि ब्रीम यांच्यावरच तराजू हलत असे. कार्प हा हाती न लागणारा मासा मानला जाई, उन्हाळ्यातसुद्धा. तो अन्न तोंडात ओढतो, चाचपतो आणि शंका आली की थुंकून टाकतो. त्याच्या मिशांवर चवीची इंद्रिये असतात, आणि हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांची एक साखळी असल्याने काठावरची पावलेही त्याला ऐकू येतात. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर पूल या तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला, तिथे त्याचे ‘क्लॅरिसा’ असे बारसेही झाले. त्यानंतर कार्पमागे लागलेल्यांची एक पिढीच उभी राहिली. पुढे सामन्यांसाठी कार्पने भरलेली खासगी तळी खोदली गेली, आणि चिखलात झोपणारा मासा जानेवारीतही गळाला लागू शकतो हे रूढ झाले. झोप माशाला नव्हती, समजुतीला होती.

१७/
आता तो शब्द समुद्र कसा ओलांडतो ते पाहावे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध केले. त्यांचा नायक महाशीर. झुंजीत तो साल्मनलाही भारी पडतो, असा त्यांचा दावा होता. पुस्तक गाजले, पुढच्या अर्धशतकात महाशीरामागे जाणे हे साहेबाच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

आणि महाशीर कोण? कार्पच. घशात दात, पोटात जठर नाही, तेच कुळ. जो मासा टेम्सकाठी ‘जाडाभरडा’ ठरला असता, तो भारतात ‘शिकारीच्या मानाचा’ ठरला. मासा बदलला नव्हता. काठी कोणाच्या हाती आहे, ते बदलले होते.

१८/
थॉमस यांनी १८८७ मध्ये दुसरे पुस्तक लिहिले : ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. डोंगरातल्या नदीचे नव्हे, गावातल्या तळ्याचे. ज्या अधिकाऱ्याची नेमणूक सपाट, रखरखीत मुलखात झाली, त्याच्या दारातही काहीतरी आहे, असा त्याचा रोख. वऱ्हाडातल्या तलावाकाठी आज कोणी बसलेला असेल तर त्याचे इंग्रजी पूर्वसूरी महाशीरवाले नव्हेत, हे टँकवाले.

१९/
परंतु तळ्यात आणि नदीत कोण राहते, हे साहेबाला सांगितले कोणी? त्यासाठी थॉमसच्या मागे अर्धे शतक जावे लागते.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातील अधिकारी. १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे आले. पेशवाई बुडून सहाच वर्षे झाली होती. गावांची मोजणी करता करता तो पक्षी, प्राणी आणि मासेही मोजत गेला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसमोर वाचला गेला. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत, आणि त्यांतील अनेक शास्त्राला नवीन होते.

२०/
नवीन माशाला लॅटिन नाव द्यावे लागते. साइक्सने काय केले? कुळाचे नाव लॅटिन ठेवले आणि पुढे भोयांच्या तोंडचा शब्द जोडला. खुद्री, कोलस, मुसुल्ला, बोगट, पोटेल, नुक्ता. आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयात महाशीराची ती दख्खनी जात ‘टोर खुद्री’ याच नावाने ओळखली जाते. ‘लेबिओ बोगट’, ‘लेबिओ पोटेल’, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ ही नावेही टिकून आहेत. ‘रोहटी’ हा शब्द तर एका संपूर्ण प्रजातिगटाचे नाव झाला. ‘नुक्ता’च्या नाकाडावर शिंगासारखा उंचवटा आणि खाली खाच असते, ते पाहताना मराठीतला ‘नकटा’ आठवल्याशिवाय राहत नाही.

हे सारे कार्प कुळातील मासे. मुळा-मुठा, भीमा यांच्या काठी हातात मासा धरून कोणीतरी साहेबाला ‘ही खुद्री’ म्हणाला असणार. साहेबाचे आडनाव आजही प्रत्येक नावापुढे लागते : साइक्स, १८३९. म्हणणाऱ्याचे नाव कोठेच नाही.

२१/
भोई हे नाव घेतले की पालखी आठवते. पालखी वाहणे आणि पाण्यात उतरणे ही दोन्ही कामे याच समाजाकडे होती. जाळे हे त्याचे मुख्य साधन, गळ दुय्यम. कारण गळ एका वेळी एकच मासा देतो आणि घरात तोंडे अनेक. राजाने गळ टाकला तर विनोद, साहेबाने टाकला तर स्पोर्ट, शेफील्डच्या लोहाराने टाकला तर कोर्स, आणि भोयाने टाकला तर नुसताच धंदा. चौघांनाही पाण्याविषयी जे कळत होते ते फार वेगळे नव्हते. पौषात मासा खोलात उतरतो, दुपारी ऊन तापल्यावर उथळाकडे सरकतो, हे सोमेश्वराच्या सेवकाला कळत होते तसेच बोस्टनच्या सामनेवाल्यालाही.

२२/
साहेबांच्या छंदाचा एक फायदा झाला, तो मान्य केला पाहिजे. सुरुंगाची दारू आणि विषारी वनस्पती पाण्यात टाकून मासे मारण्याविरुद्ध याच मंडळींनी आरडाओरडा केला. फ्रान्सिस डे आणि थॉमस त्यांत आघाडीवर होते. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने स्फोटके आणि विष दोन्ही बंद केले. मात्र या वादात लहान आसाच्या जाळ्यांवरही बोट ठेवले जाई, आणि ती जाळी कोणाची होती हे सांगायला नको.

२३/
महाराष्ट्रातील संघटित छंदाचे मोठे ठाणे म्हणजे पवई. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ च्या सुमारास बांधलेला हा तलाव पिण्यासाठी निरुपयोगी ठरला, पण गळवाल्यांच्या कामी आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन हे मंडळ त्याच्याच काठावर आहे. पवईत गळाला येतात ते कटला, रोहू, मृगळ. म्हणजे साल्मनच्या इतमामाने साधन घेऊन, मंडळाचे सभासदत्व भरून, माणूस बसतो तो अखेर ‘जाड्याभरड्या’ माशासाठीच. शेफील्डच्या कामगाराला हे दृश्य फार आवडले असते.

२४/
पण कटला, रोहू महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात आले कसे? पूर्वी पुराच्या पाण्यात वाहत येणारे मत्स्यबीज प्रामुख्याने बंगालच्या नद्यांतून गोळा करून दूरदूर पाठवले जाई. हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांचे प्रजनन घडवून आणले. तोच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सायप्रिनसचा एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेहून निलगिरीत आला होता. दुसरा, उष्ण पाण्यात रुळणारा, १९५७ मध्येच बँकॉकहून आला. तळ्यात आपोआप वाढणारा आणि गारठ्यातही खाणारा हा मासा लवकरच देशभर पसरला.

२५/
१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलावांचे जाळे विणले गेले. पाणी जिरावे म्हणून बांधलेल्या या तलावांत मत्स्यबीज सोडले जाऊ लागले आणि ते मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. ज्याला साइक्सने ‘ही कोणती?’ असे विचारले, त्याच्या पणतू-खापरपणतूंना प्रथमच पाण्यावर कागदी हक्क मिळाला. तेव्हापासून बांधावरच्या गळवाल्याचा आणि ठेकेदार संस्थेचा खटका उडतो तो याच कारणाने. एकाचा विरंगुळा म्हणजे दुसऱ्याने पैसे मोजून सोडलेले बीज. मानसोल्लासात हा वाद नाही, कारण तिथे पाणीही राजाचे आणि मासाही राजाचा.

२६/
दरम्यान साइक्सच्या यादीतल्या माशांचे काय झाले? नुक्ता आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. खुद्रीची गोष्ट निराळी, आणि थोडी चमत्कारिक. धरणांनी तिच्या विणीच्या वाटा अडवल्या, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात तिचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. लाखो पिले निपजली. ती महाराष्ट्राबाहेरही वाटली गेली. कावेरीतही सोडली गेली.

२७/
कावेरीत मात्र स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर वशिंड असलेला, जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. तो झपाट्याने नाहीसा होत गेला आणि त्याच्या जागी खुद्री दिसू लागली. हे उघडकीस आले कसे? गॅलिबोर येथील गळछावणीच्या नोंदवहीतून. १९९८ ते २०१२ या काळात तिथे गळ टाकणाऱ्यांनी कोणता मासा, किती वजनाचा, हे लिहून ठेवले होते आणि मासा परत सोडला होता. त्या वह्यांवरून शास्त्रज्ञांनी बदल मांडला. वशिंडवाल्या महाशीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये ‘टोर रेमादेवी’ अशी निश्चित झाली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. भीमेच्या काठी एका भोयाने उच्चारलेला शब्द कावेरीच्या काठी आक्रमकाचे नाव झाला.

२८/
खुद्रीचा यात दोष नाही. ती जिथे सोडली तिथे वाढली. पण पेंड टाकून जागा धरणाऱ्या छंदिष्टांच्या त्या वह्या नसत्या, तर एका नदीतला एवढा मोठा उलथापालथीचा काळ नोंदीवाचून गेला असता. दख्खनच्या इतिहासकाराला ताम्रपट आणि बखरी चाळण्याची सवय असते. वजनाची वही हेही साधन आहे, हे कावेरीने दाखवले. वऱ्हाडातल्या सहकारी संस्थांच्या कपाटांत किलोच्या हिशेबाच्या अशा कितीतरी वह्या पडलेल्या असतात; रद्दीत निघण्याआधी त्यांच्याकडे कोणी पाहिले तर बरे.

२९/
धनजकडच्या त्या बांधावर एव्हाना ऊन चढलेले असते. मफलर सैल होतो. अनुभवी माणूस जागा बदलतो : खोल बाजू सोडून जिथे उथळ पाण्यावर ऊन पडले आहे तिकडे सरकतो, कणकेची गोळी निम्मी करतो, चारा म्हणून चिमूटभर पेंड टाकतो, जास्त नाही. कटला येणार नाही हे त्याला ठाऊक असते. थोड्या वेळाने तळातून चार बुडबुडे वर येतात. सायप्रिनस चिखल उकरतो आहे. बूच बुडत नाही, जरासे थरथरते.